सिझर कुणी करायचं?

मोझांबिक १९७५ साली पोर्तुगालच्या ताब्यातून सुटला, आणि तिथले बहुतेक डॉक्टर देश सोडून निघून गेले. ते बव्हंशी पोर्तुगीज होते. वसाहतीच्या काळात स्थानिक माणसांना वैद्यकीय शिक्षणापर्यंत जवळपास पोचूच दिलं गेलं नव्हतं. एक कोटीच्या आसपास वस्तीच्या देशात मूठभर डॉक्टर उरले, तेही मुख्यतः राजधानी मापुतोत. १९७७पासून यादवी युद्ध सुरू झालं, ते १९९२पर्यंत चाललं. रस्त्यांवर सुरुंग होते आणि ग्रामीण दवाखान्यांवर हल्ले होत होते. बाळंतपणं अर्थातच थांबली नव्हती. मूल आडवं असेल, वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल किंवा दोन दिवस कळा देऊनही डोकं खाली सरकत नसेल, तर पोट उघडण्यावाचून उपाय नसतो. ते कुणी उघडलं नाही, तर मूल जातं, आणि पुष्कळदा बाईही.

१९८४ साली तिथल्या सरकारने एक अभ्यासक्रम सुरू केला. अनुभवी परिचारक, परिचारिका आणि वैद्यकीय सहायक निवडायचे, त्यांना दोन वर्षं मापुतोच्या मध्यवर्ती रुग्णालयात आणि एक वर्ष प्रांताच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया शिकवायच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी नेमायचं. त्यांना 'तेक्निको द सिरुर्जिया' म्हणतात. मराठीत शस्त्रक्रिया-तंत्रज्ञ म्हणता येईल. ते डॉक्टर नाहीत आणि तसं म्हणवूनही घेत नाहीत. पण सिझर करतात, फाटलेलं गर्भाशय काढतात, हर्निया आणि अपेंडिक्स करतात, गोळी लागलेला माणूसही हाताळतात.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझी प्रतिक्रिया बहुतेक डॉक्टरांची होईल तशीच झाली. गरिबांच्या पोटावर प्रयोग चाललाय, असं वाटलं. मग आकडे वाचले.

१९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मापुतोच्या त्याच रुग्णालयात तंत्रज्ञांनी केलेली ९५८ सिझर आणि स्त्रीरोगतज्ज्ञांनी केलेली १,११३ सिझर शेजारी शेजारी ठेवून पाहिली होती. जवळपास सगळ्या बाबतींत फरक आढळला नाही. वरच्या टाक्यांची जखम उकलण्याचं प्रमाण तंत्रज्ञांकडे थोडं जास्त होतं, एवढंच. २००२ साली देशात झालेल्या बारा हजारांहून अधिक मोठ्या प्रसूती-शस्त्रक्रियांपैकी ५७ टक्के तंत्रज्ञांनी केल्या होत्या. जिल्हा रुग्णालयांपुरतं पाहिलं, तर हा आकडा ९२ टक्के होता. म्हणजे राजधानीबाहेरच्या मोझांबिकमध्ये सिझर म्हणजे तंत्रज्ञाचा हात, हे जवळपास समीकरणच होतं.

मोझांबिक एकटा नाही. मलावीच्या जिल्हा रुग्णालयांतल्या एका पाहणीत तातडीच्या प्रसूती-शस्त्रक्रियांपैकी ८८ टक्के 'क्लिनिकल ऑफिसर' या वर्गाने केल्या होत्या; हेही डॉक्टर नव्हेत. टांझानियात सहायक वैद्यकीय अधिकारी १९६०च्या दशकापासून हे काम करत आले आहेत. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अशा सहा अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यात सोळा हजारांवर स्त्रियांची माहिती होती. आईच्या किंवा बाळाच्या मृत्यूत संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकेल असा फरक दिसला नाही. मात्र जखमेत पू होण्याची शक्यता डॉक्टर नसलेल्यांच्या हाती सुमारे दीडपट आणि जखम उकलण्याची जवळजवळ दुप्पट होती.

या आकड्यांवर थोडं थांबायला हवं, कारण दोन्ही बाजूंचे लोक त्यातला आपल्या सोयीचा अर्धा भाग उचलतात. मृत्यूत फरक दिसला नाही, यावरून फरक नाहीच असं सिद्ध होत नाही. कुणाचं सिझर कुणी करायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. अवघड बाया डॉक्टरकडे गेल्या असतील किंवा डॉक्टर मुळातच चांगल्या रुग्णालयात असतील, हे दोन्ही शक्य आहे. आणि जखम उकलणं ही किरकोळ गोष्ट नाही. शेतावर राबणाऱ्या, लांबून पाणी आणणाऱ्या बाईची जखम उकलली, तर तिला कित्येक आठवडे ओझं उचलता येत नाही. पट्टी बदलायला चालत जावं लागतं, घरचं बाकी मूल कुणाच्या तरी गळ्यात पडतं. आकड्यांच्या तक्त्यात 'गौण गुंतागुंत' या नावाखाली जे येतं, ते तिच्या घरात गौण नसतं. तेव्हा या व्यवस्थेची किंमत शून्य आहे, असं म्हणता येणार नाही. किंमत आहे, आणि ती बाईच भरते.

तरी पर्याय काय होता, हा प्रश्न उरतोच.

मी भूलतज्ज्ञ आहे, आणि माझा मोझांबिकशी काही संबंध नाही. पण या प्रश्नाची सौम्य आवृत्ती माझ्या पेशात, माझ्या जिल्ह्यात आली. आपल्याकडे परिचारिकेने किंवा तंत्रज्ञाने सिझर करणं कायद्यात बसत नाही. मात्र तालुक्याच्या ठिकाणी स्त्रीरोगतज्ज्ञ मिळत नाहीत आणि भूलतज्ज्ञ तर त्याहून मिळत नाहीत, म्हणून सरकारने साध्या एमबीबीएस डॉक्टरांसाठी दोन अभ्यासक्रम काढले. एक सोळा आठवड्यांचा, तातडीच्या प्रसूतिसेवेचा; त्यात सिझर शिकवतात. दुसरा अठरा आठवड्यांचा, जीवरक्षक भूल-कौशल्यांचा. माझ्या विषयाची पदव्युत्तर पदवी तीन वर्षांची आहे. तीन वर्षांचं अठरा आठवड्यांत शिकवायला माझ्यासारख्यांना सांगण्यात आलं, आणि मी शिकवलं.

तेव्हा भूलतज्ज्ञांच्या एका बैठकीत एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, उद्या तुमच्या मुलीचं सिझर असेल, तर या अठरा आठवडेवाल्याला भूल देऊ द्याल का?"

मी खरं तेच सांगितलं. नाही देणार.

बैठकीत हशा झाला आणि वाद तिथेच संपला, असं सगळ्यांना वाटलं. हा प्रश्न प्रत्येक देशात, प्रत्येक परिषदेत विचारला जातो आणि प्रत्येक वेळी तो विचारणारा जिंकतो. 'आपल्याला जे नको, ते दुसऱ्याला देऊ नये' ही नीतीची सगळ्यात जुनी आणि सगळ्यांना पटणारी कसोटी आहे. म्हणूनच इथे ती नेमकी कुठे अडते, हे पाहायला हवं.

माझी मुलगी पुण्यात राहते. तिच्या घरापासून अर्ध्या तासात चार-पाच भूलतज्ज्ञ मिळतील, रक्तपेढी मिळेल, बाळासाठी अतिदक्षता विभाग मिळेल. तिच्यापुढे अठरा आठवडेवाला आणि तीन वर्षंवाला असे दोघे उभे असतील, तर ती तीन वर्षंवाल्याला निवडेल. कुणीही निवडेल. पण तांड्यावरच्या ज्या बाईसाठी हा अभ्यासक्रम काढला, तिच्यापुढे हे दोघे कधीच उभे नसतात. तिच्यापुढे असतात अठरा आठवडेवाला डॉक्टर आणि अँब्युलन्स. अँब्युलन्समध्ये नव्वद किलोमीटर, सोबत एक नर्स आणि एक सलाइन. पोचल्यावर नंबर लागेपर्यंतचा वेळ वेगळा. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात बाई दोन तासांतही जाऊ शकते. सहकाऱ्यांच्या प्रश्नात माझी मुलगी होती, पण तिचा पत्ता न बोलता गृहीत धरलेला होता. प्रश्न प्रामाणिकपणे विचारायचा, तर असा विचारावा लागेल: तुमची मुलगी त्या तांड्यावर असेल, रात्रीचे दोन वाजले असतील, तर द्याल का? त्याचं उत्तर मी त्याच दमात दिलं असतं. देईन, आणि आधी त्याचा फोन नंबर घेऊन ठेवीन.

इथपर्यंत युक्तिवाद सोपा आहे. आता त्यातली अडचण.

'काहीच नसण्यापेक्षा बरं' हे वाक्य फार लवचीक आहे. त्याने कशाचंही समर्थन होतं. इंजेक्शन मारणारा गावचा बोगस डॉक्टरही याच वाक्यावर जगतो. आणि या वाक्याचा दुसरा दोष असा, की 'काहीच नाही' ही परिस्थिती निसर्गाने दिल्यासारखी धरली जाते. मोझांबिकला ती वसाहतीने दिली. आपल्याला ती कुणी दिली? आपल्याकडे डॉक्टर तयार होतात, ते तालुक्याला जात नाहीत. त्यांना तिथे पाठवण्याची आणि टिकवण्याची जबाबदारी ज्यांची आहे, त्यांना या वाक्यामुळे मोकळं सुटता येतं. अठरा आठवडेवाला आला की तज्ज्ञाच्या रिकाम्या जागेबद्दल कुणी विचारत नाही. म्हणजे तात्पुरती सोय हीच कायमची व्यवस्था होते, आणि गरिबांचं वैद्यक वेगळं नि श्रीमंतांचं वेगळं हे आपण मान्य करून टाकतो.

ही भीती नवी नाही. आपल्याकडे हा वाद मोठ्या प्रमाणावर एकदा होऊन गेलेला आहे. जुन्या मराठी माणसांना पाटीवरची 'एल.सी.पी.एस.' ही अक्षरं आठवत असतील. १९१२ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची ती सनद. एमबीबीएसपेक्षा खालच्या दर्जाची, पण तालुक्यातालुक्यात पोचलेली. स्वातंत्र्याच्या तोंडावर देशातल्या नोंदणीकृत डॉक्टरांपैकी सुमारे दोनतृतीयांश असे सनदधारक होते. १९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६च्या अहवालात बहुमताने शिफारस केली की, सनदेचे अभ्यासक्रम बंद करून देशभर एकाच दर्जाचा 'मूलभूत डॉक्टर' तयार करावा. काही सदस्यांनी याविरुद्ध मत नोंदवलं. डॉक्टरांची इतकी टंचाई असताना हा रस्ता बंद करू नका, असं त्यांचं म्हणणं होतं.

बहुमताची भूमिका उदात्त होती. स्वतंत्र भारतात खेड्यातल्या माणसाला कमी शिकलेला डॉक्टर का, हा त्यामागचा प्रश्न समतेचाच होता. सनदेचे अभ्यासक्रम बंद झाले. पण एकाच दर्जाचा डॉक्टर खेड्यात पोचला नाही. तो शहरात राहिला किंवा परदेशी गेला. खेड्याने आपली रिकामी जागा ज्याच्याकडून जमेल त्याच्याकडून भरून घेतली, बहुतेक वेळा कुणाचीही देखरेख नसलेल्या माणसाकडून. सगळ्यांना उत्तम मिळावं हा आग्रह धरणाऱ्याने ते पोचवण्याचा बंदोबस्त केला नाही, तर त्या आग्रहाचा खर्चही गरिबावरच पडतो. दोन दर्जे नकोत म्हणताना आपण दुसरा दर्जा नाहीसा केला नाही. त्याच्यावरची नजर तेवढी काढून घेतली.

तेव्हा दोन्ही रस्त्यांना धोका आहे. मग कमी शिकलेल्या हाताला परवानगी देणं केव्हा न्याय्य ठरतं आणि केव्हा ती फसवणूक होते? याचं उत्तर मला नीतिशास्त्राच्या पुस्तकांपेक्षा शिकवण्याच्या कामातून जास्त मिळालं.

अठरा आठवड्यांत काय शिकवता येतं? मणक्यात सुई घालणं शिकवता येतं. चांगला हात असेल तर पंधरा-वीस केसेसनंतर तो बसतो. औषध वर चढलं की रक्तदाब कोसळतो, बाईला मळमळतं, ती म्हणते "श्वास लागत नाही". तेव्हा काय पाहायचं, कोणतं इंजेक्शन द्यायचं, उजव्या कुशीखाली उशी का ठेवायची, हे शिकवता येतं. पुरी भूल द्यायची वेळ आली तर श्वासनलिकेत नळी घालणं शिकवता येतं. गरोदर बाईत ती घालणं एरवीपेक्षा अवघड असतं, आणि पोटातलं अन्न फुप्फुसात जाण्याची भीती असते, म्हणून हे पुन्हा पुन्हा करून घ्यावं लागतं. नळी गेलीच नाही तर हट्ट न धरता मास्कने श्वास देत राहायचं, हे तर आधी शिकवावं लागतं.

काय शिकवता येत नाही? हृदयाची झडप आकसलेली गरोदर बाई. झटके येऊन गेलेली, रक्तातल्या प्लेटलेट उतरलेली बाई. आधीच्या दोन सिझरच्या व्रणावर वार रुतून बसलेली बाई. हे सगळं येण्यासाठी वर्षं लागतात. पण आणखी एक गोष्ट अठरा आठवड्यांत शिकवता येते, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे: ही बाई आपली नाही, हे वेळेत ओळखणं आणि फोन उचलणं. मी माझ्या विद्यार्थ्यांना परीक्षेत शेवटी हेच विचारत असे. कुणाला हात लावणार नाहीस? आणि मग कुणाला फोन करशील? पहिल्याचं उत्तर सगळे देत. दुसऱ्याला बरेच जण गप्प होत, कारण त्यांना खरोखरच फोन करायला कुणी नव्हतं.

मला वाटतं, सगळा नैतिक प्रश्न त्या गप्प होण्यात आहे. कमी शिकलेला माणूस सिझर करतो यात अन्याय नाही. तो एकटा सोडलेला असतो, तेव्हा तो अन्याय होतो. त्याच्या मागे वर पाठवण्याचा रस्ता असेल, फोन उचलणारा तज्ज्ञ असेल, रक्ताची पिशवी असेल, त्याने केलेल्या प्रत्येक केसचं पुढे काय झालं याची नोंद कुणी तरी पाहत असेल, तर तो एका मोठ्या व्यवस्थेचा पोचलेला हात असतो. यांतलं काही नसेल, तर त्याच्या प्रमाणपत्राने फक्त एवढंच साधतं की, बाई दगावली तर दोष कुणाला द्यायचा हे आधीच ठरलेलं असतं.

मी शिकवलेल्यांपैकी कित्येकांचं असंच झालं. सिझर शिकलेल्याला एका तालुक्यात नेमलं आणि भूल शिकलेल्याला दुसऱ्या. जोडीने नेमलेल्यांपैकी एकाची सहा महिन्यांत बदली झाली. काही ठिकाणी दोघेही होते, तर रक्त साठवायची सोय नव्हती. अठरा आठवडे मन लावून शिकलेला माणूस परत ओपीडीत खोकल्याची औषधं लिहू लागला. त्याच्या दाराशी आलेली बाई पूर्वीसारखीच नव्वद किलोमीटर जाऊ लागली. आमच्या बैठकीत ज्या धोक्याबद्दल इतकी तावातावाने चर्चा झाली होती, तो प्रत्यक्षात फारसा आलाच नाही, कारण बऱ्याच ठिकाणी सिझर सुरूच झाली नाहीत.

उलट उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली. त्यात जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसीनचं इंजेक्शन देणंही होतं. डॉक्टरनेच द्यायचं म्हणून मानलेलं औषध गावची बाई देणार, हे अनेकांना धोक्याचं वाटलं होतं. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झालं होतं. इंजेक्शन आणि सिझर यांत फार अंतर आहे, हे मला ठाऊक आहे. पण तिथे काय होतं ते पाहा. काम नेमकं आखून दिलेलं होतं, देखरेख करणारा नियमाने गावात येत होता, आणि प्रत्येक जन्माची नि मृत्यूची नोंद होत होती. यशाचं श्रेय त्या बायकांच्या हाताला आहेच. पण तो हात एकटा नव्हता.

आता एका गोष्टीबद्दल बोलायला हवं, जी मोझांबिकच्या कौतुकात सहसा दडून जाते. तिथल्या आकड्यांत सगळ्यात जास्त उद्धृत होणारा आकडा टिकून राहण्याचा आहे. जिल्हा रुग्णालयात नेमल्यानंतर सात वर्षांनी पाहिलं, तेव्हा तंत्रज्ञांपैकी ८८ टक्के अजून जिल्ह्यातच होते. तिथे नेमलेल्या डॉक्टरांपैकी एकही उरला नव्हता. खर्चाचा हिशेबही झाला आहे: प्रशिक्षण आणि पगार धरून एका मोठ्या प्रसूती-शस्त्रक्रियेमागे तंत्रज्ञाचा खर्च सुमारे ३९ डॉलर, तज्ज्ञाचा सुमारे १४४. धोरणं आखणाऱ्यांना हे दोन आकडे फार आवडतात.

पण तंत्रज्ञ का टिकले? काही जण सेवाभावाने टिकले असतील. गावाशी नातं असेल, मान मिळत असेल. तरी एक कारण उघड आहे: त्यांची सनद मोझांबिकबाहेर कुठेच चालत नाही. डॉक्टरला लिस्बनला जाता येतं, दक्षिण आफ्रिकेत जाता येतं, राजधानीत खासगी दवाखाना काढता येतो. तंत्रज्ञाला यांतलं काहीच करता येत नाही. त्याला जाण्यासारखी जागा नाही, म्हणून बाईला सर्जन मिळतो. बाईची सुरक्षितता काही अंशी त्या माणसाच्या अडकून पडण्यावर उभी आहे. रात्री दोनला तोच उठतो, डॉक्टर करतो तीच शस्त्रक्रिया करतो आणि त्याचा पगार मात्र खालच्या श्रेणीचा. तो स्वस्त पडतो असं आपण म्हणतो, तेव्हा उरलेला खर्च कुणी सोसलाय, हेही म्हणायला हवं. पुढे तिथे तंत्रज्ञांसाठी पदवीचा मार्ग खुला झाला, ही गोष्ट मला म्हणूनच सिझरच्या आकड्यांइतकीच महत्त्वाची वाटते. ज्याच्या हातावर आपण बायकांचे जीव सोपवतो, त्याला आयुष्यभर 'जवळजवळ डॉक्टर' म्हणून ठेवायचं, ही दुसऱ्या प्रकारची अप्रामाणिकता आहे.

पदवीच्या बाजूचा एक युक्तिवाद मात्र मी गंभीरपणे घेते. तो असा: कापणं कुणालाही शिकवता येईल, पण कापायचं की नाही हे ठरवायला दीर्घ शिक्षण लागतं. हे खरं आहे. सिझरमध्ये हातापेक्षा निर्णय अवघड असतो. आणखी दोन तास थांबलं तर बाई आपोआप मोकळी होईल की मूल गुदमरेल? आजच्या सिझरचा व्रण पुढच्या बाळंतपणात फाटू शकतो, वार त्यात रुतू शकते. तेव्हा अनावश्यक सिझर हे आज न दिसणारं पण पुढे येणारं संकट असतं. एका सिझरची किंमत बाई दहा वर्षांनीही भरू शकते.

पण मग याच कसोटीवर पदवीवाल्यांनाही घासून पाहू. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात सिझरचं प्रमाण २१.५ टक्के आहे. महाराष्ट्रात २५ टक्क्यांच्या थोडं वर. सरकारी रुग्णालयांत ते सुमारे १४ टक्के आणि खासगी रुग्णालयांत ४७ टक्क्यांच्या वर. तेलंगणात सगळी प्रसूतिगृहं मिळून ६० टक्क्यांच्या पुढे. खासगीतल्या प्रत्येक जास्तीच्या सिझरमागे लोभ आहे, असं मी म्हणणार नाही. उशिरा झालेली लग्नं आहेत, आधीची सिझर आहेत, मुहूर्त पाहून येणारी घरं आहेत, कोर्टाची भीती आहे. पण सरकारी आणि खासगी यांतली एवढी तफावत स्त्रियांच्या शरीररचनेने पुरती समजावून सांगता येत नाही. दोन्हीकडे निर्णय घेणारे दीर्घ शिक्षण झालेलेच आहेत. निर्णयाला शिक्षण लागतं, तसं निर्णयाभोवतीचं वातावरणही चांगलं असावं लागतं: पैसे कशाचे मिळतात, रात्र कुणाची जाते, चुकलं तर कोण विचारतं. पगारी तंत्रज्ञाला एक सिझर जास्त केलं म्हणून काही मिळत नाही. याचा अर्थ त्याचा निर्णय जास्त चांगला असतो असं नाही. पण पदवी असली की निर्णय आपोआप निर्मळ होतो, असंही नाही.

पदवी निरर्थक आहे असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. मी माझी तीन वर्षं कुणाला स्वस्तात विकायला निघालेले नाही. पदवी हे बाईला दिलेलं एक वचन असतं: हा माणूस कुणी तरी पारखलेला आहे. पण ते एकच वचन पुरेसं असतं, असं आपण मानून बसलो आहोत. इंग्लंडात सर्जन लोक १७४५पर्यंत न्हाव्यांच्याच संघात होते. तिथल्या सर्जनांना आजही 'डॉक्टर' न म्हणता 'मिस्टर' म्हणतात, ती त्या काळाचीच खूण. १८७९ साली युगांडातल्या बुन्योरो राज्यात रॉबर्ट फेल्किन या इंग्रजाने एका स्थानिक वैद्याला सिझर करताना पाहिलं. केळ्याच्या दारूने बाईला गुंगी दिली होती आणि त्याच दारूने हात आणि पोट धुतलं होतं. आई नि मूल दोघंही वाचल्याचं त्याने लिहून ठेवलं. तेव्हा युरोपातल्या मोठमोठ्या रुग्णालयांत सिझर झालेल्या बहुतेक बाया मरत होत्या. कापण्याचा अधिकार कुणाचा याच्या रेषा माणसांनी आखल्या आहेत आणि वेळोवेळी हलवल्या आहेत. त्या हलवाव्या लागतात यात वावगं नाही. त्या हलवताना कुणाचं हित पाहिलं, हे विचारायला हवं. आपल्या धंद्याची कुंपणं राखताना आम्ही डॉक्टर 'रुग्णाची सुरक्षितता' हा शब्द फार सहज वापरतो, आणि खर्च कमी करताना सरकार 'रुग्णापर्यंत पोचणं' हा शब्द तितक्याच सहज वापरतं.

या दोघांच्या मधे टेबलावर झोपलेल्या बाईला कुणी काही विचारत नाही. तिला विचारायला वेळ नसतो, हे मान्य. कळा सुरू झाल्यावर संमतिपत्रावर उठवलेल्या अंगठ्याला फारसा अर्थ नसतो. पण तिच्या गावाला, तिच्या तालुक्याला आधी विचारता येतं. सातव्या महिन्याच्या तपासणीला सांगता येतं, की इथे सिझर करणारा डॉक्टर तज्ज्ञ नाही, त्याने अमुक इतकं शिक्षण घेतलंय, गेल्या वर्षी त्याने इतकी सिझर केली, त्यांपैकी इतक्या जणींच्या जखमा चिघळल्या, इतक्या जणींना पुढे पाठवलं. माणसं अडाणी असतात म्हणून हे त्यांना कळणार नाही, असं मला कधीच वाटलं नाही. सुईण कोणती बोलवायची हे ठरवताना बायका पिढ्यान्‌पिढ्या हेच हिशेब करत आल्या आहेत. तिच्या हातून किती सुटल्या, अडलं तर ती वेळेत सांगते का, रात्री येते का.

माझ्या मुलीलाही, पुण्यातल्या तिच्या चकचकीत रुग्णालयात, मी हेच विचारायला सांगेन. पाटीवरची अक्षरं वाच, पण तिथे थांबू नकोस. तुम्ही किती केलीत? माझं सिझर लागेल हे कशावरून ठरवणार? रात्री काही बिघडलं तर कोण येणार आणि किती वेळात? या प्रश्नांची उत्तरं तांड्यावरच्या बाईला मिळतील, त्या दिवशी तिचं सिझर कुणी केलं याची मला फारशी काळजी वाटणार नाही.